सांबार, आकडे आणि हाडं: व्हिटॅमिन के ची गोळी घ्यायची का?

मे महिन्यातली गोष्ट आहे. दुपारी चारला आमच्या मेडिकलमध्ये एक काकू आल्या, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आणि उजव्या हातात कापडी पिशवी. कूलरमध्ये पाणी भरायला गेल्या, पाईप सुटला, फरशी ओली झाली, पाय घसरला, हात टेकवला आणि मनगटच गेलं. नागपूरच्या मानेवाड्यात काउंटरवर उभं राहून मला चौदा वर्षं झाली आणि दर उन्हाळ्यात मी हे बघते, कूलरचं पाणी आणि साठीच्या पुढच्या बायकांची मनगटं.

काकूंनी पिशवीतून गोळ्यांची तीन पानं काढून काचेवर ठेवली. एक डॉक्टरांनी लिहून दिलेलं कॅल्शियम, एक भिशीतल्या कोणीतरी सांगितलेली के-टू ची कॅप्सूल, आणि तिसरं पुण्याच्या सुनेनं ऑनलाइन मागवून दिलेलं, डबा भारी, नाव वेगळं. म्हणाल्या, "बाई, तिन्ही घेऊन राहिली मी रोज, आता तरी हाड लवकर जुळन नं?" मी पानं उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. तिन्हीमध्ये व्हिटॅमिन के-टू होतं. म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत आधीच होतं आणि वरून दोन वेळा विकत घेतलेलं.

त्या दिवशी गर्दी होती म्हणून दोन मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढंच सांगितलं, बाकीचं मनात राहिलं, ते इथे सविस्तर लिहून राहिले. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण या गोळ्या रोज माझ्या हातून जातात आणि त्या घेणाऱ्या बायकांची मला काळजी वाटते. कारण यातल्या बऱ्याच जणी पेन्शनच्या पैशातून, नाहीतर भाजीच्या पैशातून वाचवून हे घेतात.

आधी हे के म्हणजे काय ते बघू. १९२९ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डॅम नावाचे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांवर कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. पिल्लांना त्यांनी चरबी काढून टाकलेलं खाद्य दिलं, तर काही आठवड्यांत पिल्लांच्या कातडीखाली, स्नायूंमध्ये रक्तस्राव व्हायला लागला आणि रक्त गोठेनाच. माहीत असलेलं एकेक व्हिटॅमिन देऊन बघितलं, फरक नाही. मग लक्षात आलं की चरबीसोबत खाद्यातून अजून काहीतरी निघून गेलंय. जर्मन आणि डॅनिशमध्ये रक्त गोठण्याच्या शब्दाची सुरुवात के ने होते, त्यावरून १९३५ मध्ये त्याचं नाव पडलं व्हिटॅमिन के. पुढे अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि दोघांना मिळून १९४३ चं नोबेल मिळालं. आजही बाळ जन्मलं की लगेच मांडीत जे छोटं इंजेक्शन देतात ते याचंच, कारण नवजात बाळाच्या अंगात के फार कमी असतं आणि रक्तस्रावाचा धोका असतो.

म्हणजे के ची पहिली ओळख रक्ताची, हाडांशी त्याचा संबंध कोणाच्या डोक्यातही नव्हता. तो कळला जवळजवळ चाळीस वर्षांनी, आणि तो कसा ते समजलं की या गोळ्यांचा सगळा मामला समजतो, म्हणून इथे जरा थांबते.

कळमन्याच्या मार्केटात धान्याची पोती उतरवणारे हमाल बघितले असतील. त्यांच्या हातात लोखंडी आकडा असतो, तो पोत्यात अडकवला की पोतं उचलता येतं. आकडा नसेल तर हमाल कितीही दणकट असो, पोतं हातातून सटकतं. आपल्या शरीरात काही प्रोटीन अशीच हमालासारखी असतात, त्यांचं काम कॅल्शियम धरायचं. पण ती तयार होतात तेव्हा रिकाम्या हाताची असतात. व्हिटॅमिन के चं काम एवढंच, की त्यांच्या हातात आकडा द्यायचा. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांना हा आकडा रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनमध्ये सापडला, आणि लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत हाडामध्ये सुद्धा तसंच आकडेवालं एक प्रोटीन सापडलं, त्याचं नाव ऑस्टिओकॅल्सिन. हे हाड बांधणाऱ्या पेशीच तयार करतात आणि त्याला तीन जागी आकडे लागतात.

झालं, इथून आशा सुरू झाली. हाडात कॅल्शियम धरणारं प्रोटीन आहे, त्याला के लागतं, मग के जास्त दिलं तर हाड मजबूत होणार, सरळ हिशोब. त्यात भर म्हणजे ज्या बायकांनी गर्भारपणात रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेतलं होतं, जे के चं काम अडवतं, त्यांच्या काही बाळांच्या हाडांची वाढ बिघडलेली दिसली होती. आणि वयस्कर बायकांचं रक्त तपासलं की त्यांच्यात बिनआकड्याचं ऑस्टिओकॅल्सिन जास्त सापडायचं, कारण शरीर मिळालेलं के आधी लिव्हरला देतं, रक्त गोठवायच्या कामाला, आणि उरलेलं हाडाच्या वाट्याला येतं. रक्त व्यवस्थित गोठतंय म्हणजे हाडाचेही सगळे आकडे लागलेत असं नसतं. इथपर्यंतचं सगळं खरं आहे आणि गोळीच्या डब्यावरही एवढंच लिहिलेलं असतं.

पण एक गोष्ट डब्यावर नसते. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात ऑस्टिओकॅल्सिन बनतच नाही. हाडं ठिसूळ व्हायला पाहिजे होती नं? तर उलट त्यांच्यात हाड जास्त बनलं. म्हणजे हा हमाल हाडात नेमकं काय काम करतो हेच आपण समजतो तेवढं सरळ नाही. मला हे वाचलं तेव्हा चांगलाच धक्का बसला होता, कारण कॉलेजात आम्हाला ते सरळच शिकवलं होतं.

आता के चे प्रकार, थोडक्यात. के-वन हिरव्या पालेभाज्यांमध्ये असतं. के-टू ही एक अख्खी भावंडांची रांग आहे, एमके-४, एमके-७ वगैरे. एमके-४ थोडंफार अंड्याच्या पिवळ्यात, चिकनमध्ये, लोण्या-तुपात असतं. एमके-७ सगळ्यात जास्त असतं नाट्टो नावाच्या जपानी पदार्थात, सोयाबीन आंबवून करतात, चिकट तार सुटते त्याला. बाजारातल्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर के२-७ लिहिलेलं असतं ते हेच एमके-७.

जपानचं नाव आलं म्हणून सांगते, या सगळ्या के-टू च्या लाटेचा उगम तिथलाच. टोकियोकडे नाट्टो खूप खातात, हिरोशिमाकडे कमी. २००१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात टोकियोच्या बायकांच्या रक्तात एमके-७ हिरोशिमाच्या बायकांपेक्षा चौपटीच्या आसपास होतं, आणि जिथे नाट्टो जास्त खातात तिथे खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण कमी दिसत होतं. शिवाय १९९५ पासून जपानात एमके-४ ची ४५ मिलिग्रॅमची रोजची मात्रा ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावर, औषध म्हणून दिली जाते. लक्षात घ्या, मिलिग्रॅम म्हणतेय मी. आपल्या गोळ्यांमधलं एमके-७ मायक्रोग्रॅममध्ये असतं, एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे जपानी औषधाचा अभ्यास दाखवून आपल्याकडची गोळी विकणं हे एका गावची वरात दाखवून दुसऱ्या गावचं लग्न ठरवण्यासारखं आहे.

२००६ मध्ये तोपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र करून एक मोठा पेपर आला आणि त्यात के मुळे फ्रॅक्चर खूपच कमी होतात असं दिसलं. यावर जगभर बातम्या झाल्या. पण ज्या अभ्यासांत फ्रॅक्चर मोजले होते ते सातही जपानचे होते आणि सगळे मोठ्या मात्रेच्या एमके-४ चे. पुढे त्यातल्या एका जपानी संशोधकाचे आकडेच खोटे असल्याचं उघड झालं आणि त्याचे पेपर मागे घ्यावे लागले. ते वजा केल्यावर चित्र बरंच फिकं पडलं. आणि २००९ मध्ये जपानातच ४,००० पेक्षा जास्त बायकांवर तीन वर्षांची चाचणी झाली, एका गटाला कॅल्शियम आणि दुसऱ्या गटाला कॅल्शियम अधिक एमके-४, तर मणक्याच्या फ्रॅक्चरमध्ये एकंदरीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

बाकीच्या देशांचं बघायचं तर कॅनडामध्ये मेनोपॉज झालेल्या, हाडं थोडी विरळ झालेल्या ४४० बायकांना रोज ५ मिलिग्रॅम के-वन दिलं, दोन ते चार वर्षं. हाडाच्या घनतेत काहीच फरक पडला नाही. गंमत अशी, की के घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चर मात्र कमी झाले, ९ जणींना, आणि दुसऱ्या गटात २०. ऐकायला मोठं वाटतं, पण चाचणी घनता मोजायला बेतलेली होती आणि एवढ्या कमी आकड्यांवर योगायोगही असू शकतो, हे संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. अमेरिकेत साठ ते ऐंशी वयाच्या ४५२ जणांना ५०० मायक्रोग्रॅम के-वन तीन वर्षं दिलं, फरक नाही. नॉर्वेत ३३४ बायकांना एमके-७ एक वर्ष, फरक नाही. नेदरलँड्समध्ये २४४ बायकांना १८० मायक्रोग्रॅम एमके-७ तीन वर्षं दिलं, तिथे मात्र कमरेच्या मणक्याची आणि मांडीच्या हाडाच्या मानेची झीज थोडी हळू झाली, आणि जाहिरातीत तुम्हाला हाच अभ्यास दिसेल. मग २०२१ मध्ये डेन्मार्कने जवळजवळ दुप्पट मात्रा, ३७५ मायक्रोग्रॅम, तीन वर्षं देऊन बघितली, आणि पुन्हा घनतेत फरक नाही.

या चाचण्यांमधली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी, की के ची गोळी घेतल्यावर बिनआकड्याचं ऑस्टिओकॅल्सिन खरंच कमी झालं. गोळी पोटात गेली, रक्तात गेली, हाडापर्यंत पोचली, हमालांच्या हातात आकडे आले. तरीही गोदाम भरलं नाही. कारण पोतीच आली नसतील, गेट बंद असेल, किंवा रात्रीतून गोदामातला माल बाहेर काढणारे जास्त असतील, तर आकडे वाटून काय होणार? पोती म्हणजे कॅल्शियम, गेट म्हणजे व्हिटॅमिन डी, आणि माल बाहेर काढणारे म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशी, ज्यांना पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे हार्मोन लगाम घालून ठेवतं. पाळी गेली की लगाम सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांतच हाडाचा दहा टक्के किंवा त्याहून जास्त भाग जाऊ शकतो. बायकांची हाडं साठीनंतर का मोडतात याचं मोठं उत्तर हे आहे आणि के त्या लगामाचं काम करत नाही.

बरं, एक दावा अजून ऐकायला येतो, की कॅल्शियम घेताय तर के-टू पाहिजेच, नाहीतर ते कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत के वर चालणारं एक प्रोटीन आहे आणि ते कॅल्शियम साचू देत नाही, हे खरंय. पण गोळी देऊन तसं होतं का? डेन्मार्कमध्ये हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साचलेल्या ३६५ वयस्कर पुरुषांना रोज ७२० मायक्रोग्रॅम एमके-७ आणि सोबत डी दोन वर्षं दिलं, २०२२ मध्ये निकाल आला, साचणं काही हळू झालं नाही. म्हणून या भीतीपोटी कोणी गोळी घेत असेल तर मला वाईट वाटतं.

मग के बिनकामाचं का? मुळीच नाही, फक्त ते आपल्याला ताटातून घ्यायचंय. अमेरिकेत ७२,००० पेक्षा जास्त नर्सेसच्या खाण्याच्या सवयी दहा वर्षं नोंदवल्या, १९९९ मध्ये छापलं. ज्या बायका अगदीच कमी के खायच्या त्यांच्या तुलनेत बाकीच्यांचं खुब्याचं फ्रॅक्चर ३० टक्के कमी होतं, आणि त्यांना के मुख्यतः मिळत होतं सॅलडच्या पानांतून. आता सॅलड खाणारी बाई चालतही जास्त असेल, प्रोटीनही बरं खात असेल, त्यामुळे सगळं श्रेय के ला देता येत नाही. पण पालेभाजीत के एकटं येत नाही, सोबत कॅल्शियम येतं, मॅग्नेशियम येतं, पोटॅशियम येतं, आणि कॅप्सूलमध्ये ते कुठून येणार.

अमेरिकन हिशोबाने बाईला दिवसाला ९० मायक्रोग्रॅम के पुरतं. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ४८० असतं. पत्ताकोबीत ७५ च्या आसपास. आणि सांबारात, म्हणजे इडलीसोबतच्या सांबारात नाही हो, आपल्या नागपुरी सांबारात, ज्याला पुण्या-मुंबईकडे कोथिंबीर म्हणतात, १०० ग्रॅमला ३०० च्या वर. जानेवारीत गोकुळपेठ मार्केटात सांबाराच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि घरोघरी सांबारवड्या होतात. माझी आई एका वेळेला चार-पाच जुड्या निवडते, धुऊन पंचावर पसरते, पाणी पूर्ण सुकल्याशिवाय हात लावू देत नाही, मग बारीक चिरून खोबरं, खसखस, तीळ, तिखट घालून सारण करते. एका मोठ्या वडीत मूठभर सांबार सहज जातो. ते तळणाचं रोज खायचं नाही, पण सांगायचा मुद्दा हा की आपल्या जेवणात के ची कमी नाही, ताटात हिरवं येत असेल तर.

आणि ते हिरवं तेलासोबत आलं पाहिजे, कारण के चरबीत विरघळणारं आहे. पानातलं के पानाला घट्ट चिकटलेलं असतं, तेल-तूप सोबत असलं की आतडं ते जास्त ओढून घेतं. म्हणून पालकाची पातळ भाजी लसणाच्या फोडणीची चांगली, अंबाडीची भाजी आणि भाकर, वरून तेलाची धार, ही आपल्या आज्यांची रीत एकदम बरोबर होती. सकाळी उपाशीपोटी पालकाचा नुसता ज्यूस पिणाऱ्या काही जणी येतात माझ्याकडे, त्यांना मी सांगते की त्यापेक्षा भाजी करा. पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात मेथी, चवळीचा पाला, हरभऱ्याचा पाला, जे स्वस्त असेल ते.

के खरोखर कमी पडणारे लोकही असतात. पित्तनलिकेचा अडथळा, लिव्हरचा जुना आजार, आतड्याचे आजार ज्यात चरबी पचत नाही, वजन कमी करायचं ऑपरेशन, खूप दिवस चाललेले अँटिबायोटिक आणि त्यासोबत खाणं बंद. यांना डॉक्टर के देतात आणि ते गरजेचं असतं, हा वेगळा विषय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हा लेख लिहायचं खरं कारण. माझी मोठी मावशी, वय ६९, लहानपणी सांधेतापानं हृदयाची झडप खराब झाली, पुढे धातूची झडप बसवली, त्यामुळे रक्त पातळ करायची ॲसिट्रॉमची गोळी आयुष्यभर. अशा गोळ्या नेमकं काय करतात माहितीय? वापरलेलं के पुन्हा कामाला येतं तो रस्ता बंद करतात. म्हणजे हमालांना आकडेच मिळू द्यायचे नाहीत, म्हणजे रक्त गोठणार नाही, म्हणजे झडपेवर गाठ होणार नाही. (वॉरफरिनचा शोधही असाच लागला, अमेरिकेत सडलेलं क्लोव्हरचं गवत खाऊन गाई रक्तस्रावानं मरायच्या, त्या गवतातल्या पदार्थावरून पुढे ते औषध बनलं.) मावशीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, कमी आला म्हणजे रक्त लवकर गोठतंय) अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा असतो, दर महिन्याला तपासतात, वहीत लिहून ठेवते ती, निळ्या पेनानं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एकदम १.६ आला. औषध चुकलं नव्हतं. सगळं विचारून झालं, काही कळेना, शेवटी मीच तिच्या घरी जाऊन देवघराशेजारचा डबा उघडला तर त्यात के-टू चं अर्धं झालेलं पान. शेजारणीनं गुडघ्यासाठी दिलं होतं. "व्हिटॅमिनच आहे म्हणे, त्यानं काय होते?" असं मावशी म्हणाली. मी तिथेच खाली बसले. १.६ म्हणजे झडपेवर गाठ होऊन कधीही पॅरालिसिसचा झटका येऊ शकत होता.

एमके-७ अंगात खूप वेळ टिकतं. के-वन काही तासांत निघून जातं, एमके-७ चा अर्धा भाग जायलाच जवळजवळ तीन दिवस लागतात, म्हणून रोज घेतलं की साठत जातं आणि अगदी लहान मात्रासुद्धा ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनचा परिणाम कमी करू शकते. कॅल्शियमच्या पानात बारीक अक्षरात ते लपलेलं असतं, म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांनी कॅल्शियम घेतानासुद्धा मागची बाजू वाचायची, वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला सांगायचं की मी रक्त पातळ करायची गोळी घेते, आणि चुकून के घेतलं गेलं असेल तर आपल्या मनानं काही बंद-चालू न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ॲपिक्साबॅन, रिवारोक्साबॅन, डाबिगाट्रान या नव्या गोळ्या के च्या रस्त्यानं जात नाहीत, त्यांना ही अडचण नाही. आणि ॲसिट्रॉमवाल्यांनी घाबरून पालेभाजी सोडायची नाही, फक्त दर आठवड्याला साधारण सारखीच खायची. वर्षभर काही नाही आणि जानेवारीत रोज सांबारवडी, असं केलं की आयएनआर हलतो.

ज्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत नाहीत त्यांना के-टू नं सहसा इजा होत नाही, त्याची वरची मर्यादासुद्धा ठरवलेली नाही. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियममध्ये ते असेल तर घाबरून फेकू नका. वेगळं विकत घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं. ते पैसे दूध, दही, अंडी, डाळ, नाहीतर एका डेक्सा स्कॅनसाठी ठेवा.

डेक्सा म्हणजे कंबर आणि खुब्याची घनता मोजणारा झोपून करायचा स्कॅन. फुकट शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून जो आकडा देतात तो त्याची जागा घेऊ शकत नाही, त्या आकड्यावर गोळ्या सुरू करू नका. डेक्सात टी-स्कोअर येतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाड विरळ व्हायला लागलंय, आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. आणि तो असेल तर त्यावर काम करणारी औषधं आहेत हे बायकांना कोणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ॲलेंड्रोनेटची १९९६ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली, आधीच मणक्याचं फ्रॅक्चर असलेल्या २,०२७ बायका, तीन वर्षं, आणि खुब्याचे फ्रॅक्चर जवळजवळ निम्मे झाले. के च्या कुठल्याच चाचणीत असा भरवशाचा निकाल नाही. तरी माझ्या काउंटरवर के-टू मागणाऱ्या दहा जणी येतात तेव्हा ॲलेंड्रोनेटची चिठ्ठी घेऊन एखादीच येते.

डी चं पण आपल्याकडे असंच. ४५ डिग्रीच्या नागपुरात डी कमी कसं, असं लोक विचारतात, पण उन्हाळाभर आपण दारं-खिडक्या लावून कूलरसमोर असतो आणि बाहेर निघालो की दुपट्टा डोक्यापासून हातमोज्यांपर्यंत. तपासून, डॉक्टरांना विचारून घ्यायचं, साठ हजार युनिटची कॅप्सूल मनानं महिनोन्महिने चालू ठेवायची नाही, त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

काकूंना मी त्या दिवशी दोन पानं बाजूला ठेवायला सांगितली आणि प्लास्टर निघालं की डॉक्टरांना डेक्साचं विचारा म्हणाले, कारण नुसत्या घसरण्यानं मनगट मोडतं तेव्हा ती हाडांनी दिलेली पहिली खबर असू शकते. जुलैत रिपोर्ट घेऊन आल्या, उणे २.८. आता त्यांची ॲलेंड्रोनेटची रविवारची गोळी सुरू आहे. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी मोठा ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. म्हणून सहा वाजता गोळी घेऊन त्या अंगणातच फिरतात, तुळशीला पाणी घालतात, गेटपर्यंत जातात, परत येतात, आणि साडेसहा झाले की आतून सून आवाज देते, "आई, चहा टाकू नं आता?" कूलरचा पाईप यंदा मुलगा लावणार आहे म्हणे.